नवऱ्याने आणलेला देव

समुद्रापारच्या बेटावर स्थायिक झालेल्या मराठी लोकांतल्या, रिव्हिएर दू रांपार गावच्या कृष्णदेवची मुलगी कुंती लग्न होऊन गुडलँड्सजवळ सासरी आली, तेव्हा देवाबद्दल तिने कधी फारसा विचार केलेला नव्हता. माहेरी भाद्रपदात मातीचा गणपती बसायचा, बाप्ये फेर धरून झाकरी नाचायचे, मग सगळं गाव गणपतीला समुद्रावर पोचवून यायचं. तिच्या दृष्टीने देव घरात असायचाच, जशी आई असायची. त्याला शोधायला कुठे जावं लागतं, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाप उसाच्या शेतांमधल्या खंडाच्या तुकड्यावर पोम्दामूर लावायचा. टोमॅटोला तिथे तेच नाव. कुंती लहानपणापासून त्या वाफ्यांत वाकून वाढलेली, कामाला वाघीण. नवरा यशपाल बसवर कंडक्टर होता. बोलण्यात गोड, दिसायला उजळ. चढणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या टोपल्या स्वतः उचलून आत घ्यायचा. अशा माणसाला मुलगी दिली म्हणून कृष्णदेव निश्चिंत होता. यशपाल पितो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुंतीला ते लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात कळलं आणि तिने ते माहेरी कळू दिलं नाही.

पंचाहत्तर साली फेब्रुवारीत जर्वेझ नावाचं वादळ आलं. त्यात उत्तरेतल्या कितीतरी घरांचे पत्रे उडाले, त्यात त्यांचंही घर गेलं. कुंतीला सहावा महिना होता. यशपाल पिऊन पडलेला. सासू चंद्रावती एका हाताने त्याला ओढत होती, दुसऱ्या हाताने कुंतीला. गुडघाभर पाण्यातून तिघं शाळेत पोचली. तिथेच, वर्गातल्या बाकांच्या आडोशाला, कुंतीचं मूल गेलं. मुलगा होता. त्यानंतर तिला दिवस राहिले नाहीत.

शाळेत आसऱ्याला आलेल्यांना भात-डाळ घेऊन एका प्रार्थनामंडळीचे लोक यायचे. बहुतेक क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचे तिथले ख्रिस्ती, दोन-चार आपल्या मराठी लोकांतलेही. त्यांत मारी-आंज नावाची एक क्रिओल बाई होती, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. तिने कुंतीला अंघोळ घातली, स्वतःचा झगा अंगावर चढवला आणि काही बोलली नाही. बोलले ते दुसरे. त्यांनी यशपालला बाजूला घेतलं, त्याच्यासाठी प्रार्थना केली, त्याला रडू दिलं. मुलाच्या मरणाने तो आतून हादरलेला होताच. वर्षभरात त्याने दारू सोडली आणि ग्रां गोबच्या समुद्रात उभं राहून बाप्तिस्मा घेतला.

कुंतीला हे विचित्रच वाटलं. पण नवरा संध्याकाळी शुद्धीत घरी येतो, पगार हातावर ठेवतो, जेवताना तिच्याशी बोलतो, हे तिने पहिल्यांदा पाहिलं होतं. तो तिच्या मागे लागला. तिने आढेवेढे घेतले. आईबाप काय म्हणतील, भाऊ काय म्हणेल, आपल्याला त्यातलं काही कळत नाही. त्यावर यशपाल म्हणायचा की तू बरोबर नसलीस तर मी पुन्हा घसरेन. या एका वाक्यापुढे तिचं काही चालेना. शेवटी एका रविवारी तीही पांढरा झगा घालून समुद्रात उतरली. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा घाबरून तिने नवऱ्याचा हात धरला होता. तो हसून म्हणाला, "मी आहे. डोळे मीट."

चंद्रावतीने सुनेच्या हातचं खाणं बंद केलं. मुलाच्या हातचं मात्र ती खात राहिली. कुंतीने ते मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर मंडळीत तिचा जीव रमू लागला होता. प्रार्थना क्रिओल भाषेत चालायच्या. देवाला सगळे बोंज्ये म्हणायचे, तीही म्हणायला शिकली. गोष्टी सांगायची तिला जन्मजात हातोटी होती. पास्टर दानियेलनी ते हेरलं आणि रविवारी लहान मुलांना येशूच्या गोष्टी सांगायचं काम तिच्याकडे दिलं. मुलं तिच्याभोवती दाटीवाटीने बसायची. वादळात गेलेलं मूल त्या वेळी तिला जरा कमी आठवायचं.

मग बाप गेला. निरोप आला तशी ती यशपालबरोबर पहिली बस पकडून माहेरी धावली. थोरला भाऊ परशुराम फाटकातच उभा होता. डोळे रडून सुजलेले, पण आवाज घट्ट.

"तुझ्या हातचं पाणी बाबांना चालायचं नाही," तो म्हणाला. "इथूनच बघ."

ती रस्त्यावर उभी राहिली. आतून आईच्या रडण्याचा आवाज येत होता, तिला आत जाता येत नव्हतं. तिरडी बाहेर आली तेव्हा लोक बाजूला झाले, तिला वाट द्यायला नव्हे, तिचा स्पर्श टाळायला. वर्षभरात आईही गेली. त्या वेळी तर तिला कळवलंच नाही. बाप गेला त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती इतकी रडली की बाया वळून बघू लागल्या. यशपालने सगळ्यांदेखत तिचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाला, "जाऊ दे कुंती. आता मी तुझं माहेर."

ते वाक्य तिने जपून ठेवलं. कुणी काही लागट बोललं की ती ते मनातल्या मनात म्हणायची. आपण माहेर गमावलं ते या माणसासाठी आणि या माणसाच्या देवासाठी, आणि दोघंही आपल्याजवळ आहेत, असा तिचा हिशेब होता.

ऐंशी साल उजाडता उजाडता यशपालची प्रार्थनेला दांडी पडू लागली. कधी ड्यूटी, कधी अंग दुखतं. त्याची बदली सांत्र द फ्लाकच्या गाड्यांवर झाली होती. आठवड्यातून दोन-तीन दिवस तो तिकडे चुलत्याकडेच राहायचा. पीत नव्हता, हे ती रोज वास घेऊन बघायची, म्हणून निर्धास्त होती. चंद्रावती मात्र अलीकडे खुशीत होती. एकदा तिने स्वतःहून कुंतीला चहा करून दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कुंतीला वाटलं, सासूचं मन वळलं, आपली प्रार्थना फळाला आली. त्या रविवारी मंडळीत उभं राहून तिने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, लोकांनी देवाचे आभार मानले.

तो चहा कशासाठी होता ते पुढच्या महिन्यात कळलं. फ्लाकच्या चुलत्याने यशपालसाठी कामिनी नावाची मुलगी पाहून ठेवली होती. आपल्यातलीच, वयाने लहान. यशपालचं शुद्धीकरण करून घ्यायचं, मग लग्न, असं ठरलेलं होतं. यशपालने हे तिला स्वतः सांगितलं नाही. गावच्या बैठकेत, जिथे आपले लोक सभा, भजन, तंटाबखेडा सगळ्यासाठी जमतात, तिथे तिला बोलावून पंचांकरवी सांगवलं.

कुंती गेली तेव्हा बाकांवर पुरुष बसले होते. त्यांत परशुरामही होता. भावाला पाहून तिला धीर आला. कितीही रागावला असला तरी सख्खा भाऊ. मी नवऱ्याच्या हट्टापायी गेले हे त्याला ठाऊक आहे, तो बोलेल. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, आणि सभा संपेपर्यंत तो तसाच पाहत राहिला.

लग्न मोडायचं कसं हा प्रश्नच आला नाही. त्या काळी आपल्या लोकांची पुष्कळ लग्नं मंडपात होत आणि मंडपातच राहत. सिव्हिल कचेरीत जाऊन नोंद करायचं राहून जाई. कुंतीचंही राहिलं होतं. सरकारच्या लेखी ती कुणाचीच बायको नव्हती. उरला होता मंडपातला अग्नी, आणि त्याबद्दल यशपाल उठून म्हणाला की अग्नीसमोर लग्न झालं होतं, हिने तो अग्नीच सोडला, तर लग्न उरलं कुठे.

एका म्हाताऱ्या पंचाला ते रुचलं नाही. तो म्हणाला, "अरे, पण आधी तू गेलास ना? हिला तूच नेलंस."

यशपालने कुंतीकडे न बघता उत्तर दिलं. "मी दारू सोडायला गेलो होतो. ही मनापासून गेली."

बाकांवर माना हलल्या. त्यांच्या लेखी निकाल लागला. कुंतीला एवढंच आठवलं की पाणी छातीपर्यंत आलेलं असताना हाच माणूस डोळे मीट म्हणाला होता. ती तशीच बाहेर पडली. बोलायला लागली असती तर थांबली नसती, आणि त्या लोकांपुढे तिला रडायचं नव्हतं.

घरी आली तर चंद्रावतीने तिच्या साड्यांचं गाठोडं बांधून ओट्यावर ठेवलेलं होतं.

ती गेली पास्टर दानियेलकडे. दुसरीकडे जाण्यासारखं होतंच काय? पास्टर माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला बसवलं, तिच्यासाठी प्रार्थना केली, मंडळीकडून तांदूळ आणि तेल दिलं. पण दोन आठवड्यांनी त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मग सांगितलं की काही कुटुंबांत कुजबुज आहे. तुझं लग्न कायद्याने झालेलंच नव्हतं म्हणतात. मग इतकी वर्षं तुम्ही काय म्हणून एकत्र राहत होतात, असं आईबाप विचारतात. तर काही दिवस मुलांचा वर्ग दुसऱ्या बहिणीकडे देऊ. लोक विसरले की बघू.

"यशपाललाही असं विचारलंत का?" कुंतीने विचारलं.

"यशपाल आता आपल्यात नाही," पास्टर म्हणाले.

जो गेला त्याला विचारायचं नाही, जी राहिली तिला विचारायचं. कुंतीने मान डोलावली, मुलांची चित्रं लावलेला पुठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडली. पुढच्या रविवारी ती प्रार्थनेला गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तिला घरात घेतलं मारी-आंजने. तिच्या पत्र्याच्या घरामागे एक खोली होती, आधी त्यात कोंबड्या असायच्या. दोघींनी मिळून ती सारवली, भिंतीला चुना लावला. गुडलँड्सच्या बाजूला तेव्हा कारखाने वाढत होते. कुंतीला स्वेटर विणण्याच्या एका कारखान्यात काम मिळालं. बाह्या आणि अंग वेगवेगळे विणून यायचे, ते टाक्याला टाका लावून यंत्रावर जोडायचे. डोळ्यांची आग व्हायची, बोटं सुजायची. शेजारच्या यंत्रावरच्या पोरी रेडिओवरची गाणी म्हणत, लग्नाच्या गप्पा मारत. कुंती मान वर करत नसे. कुणी विचारलं तर नवरा फ्लाकला कामाला असतो म्हणायची. मग एकीच्या मावशीने फ्लाकचं लग्न पाहिलेलं निघालं, बँड होता, हॉलभर माणसं होती, आणि कुंतीला तेवढंही बोलायची सोय उरली नाही.

देवाचं नाव तिने टाकलं. भांडून नाही, बोलायचंच बंद केलं. नवऱ्याने आणलेला देव नवऱ्याबरोबर गेला, असं तिच्या मनाने घेतलं. जुन्या देवाकडे परत जावं तर तिथली माणसं बाकांवर बसून माना हलवणारी. नव्याकडे जावं तर तिथे तिची जागा दुसरीला दिलेली. मारी-आंज रविवारी आवरून प्रार्थनेला निघायची, कुंतीला चल म्हणायची नाही. एकदा कुंतीनेच चिडून विचारलं की ज्या लोकांनी मला असं केलं त्यांच्यात तू जातेस तरी कशी. मारी-आंज डोक्याला रुमाल बांधत होती. ती म्हणाली की माझा नवरा बोटीवर गेला तो आला नाही, तेव्हा त्याच लोकांनी माझ्याबद्दल काय काय म्हटलं ते तुला ठाऊक नाही. मी त्यांच्यासाठी जात नाही. एवढं बोलून ती गेली.

त्या सकाळी कुंती अंगणातल्या दगडावर कपडे धूत बसली. ऊन चढत होतं. आजूबाजूची घरं रिकामी होती, कुणी प्रार्थनेला, कुणी बाजाराला. ढिगात खाली तिचा पांढरा झगा निघाला, बाप्तिस्म्याचा. तो तिने दगडावर आपटायला घेतला आणि आपटतच राहिली. कधी तोंड उघडलं ते तिला कळलं नाही. ती बोलत होती, आणि क्रिओलमध्ये नाही. मंडळीत देवाशी तिने कधी मराठीत एक शब्द काढला नव्हता. आता आईशी भांडताना बोलायची तसं भडाभडा निघत होतं. तुझ्यापायी बापाचं तोंड बघता आलं नाही. आई मेली ते कळलं नाही. मूल घेतलंस, ते तर आधीच घेतलंस. त्याने मला तुझ्या दारात आणून सोडलं आणि तो पळाला, ते ठीक, तो माणूस आहे. पण तू? तू कुठे होतास त्या बैठकेत? तू पण खिडकीबाहेर बघत होतास का?

बोलून बोलून दम लागला तेव्हा ती थांबली. झगा फाटला होता. कुणी उत्तर दिलं नाही. आकाशात काही झालं नाही. पण तिला एक गोष्ट जाणवली आणि ती तिने पुढे आयुष्यात फक्त मारी-आंजला सांगितली. ती म्हणाली, रिकाम्या अंगणात बोलताना आपला आवाज परत आपल्याकडेच येतो, तसा तो आला नाही. कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेत होतं. मध्ये बोललं नाही, समजावलं नाही, उठून गेलं नाही. इतक्या महिन्यांत तिचं पूर्ण बोलणं कुणी ऐकून घेतलेलं नव्हतं.

आणि मग तिला मुलांचा वर्ग आठवला. येशूला धरून नेलं त्या रात्रीची गोष्ट ती मुलांना सांगायची. त्याच्याच ताटातलं खाणाऱ्याने त्याला दाखवून दिलं, तेही जवळ येऊन, मुका घेऊन. बाकीचे सोबती अंधारात पळाले. एका मुलीने विचारलं होतं, त्याला वाईट वाटलं का? कुंती घाईघाईत म्हणाली होती की तो देव आहे, त्याला आधीच सगळं माहीत होतं. आता ओल्या झग्याचे दोन तुकडे मांडीवर घेऊन बसलेल्या कुंतीला वाटलं की आपण त्या पोरीला चुकीचं सांगितलं. माहीत असलं म्हणून काय झालं? यशपाल असा वागणार हे कुणी आधी सांगितलं असतं, तर बैठकेत कमी लागलं असतं का? येशूला वाईट वाटलं असणार. फार वाईट वाटलं असणार. बैठकेत तो बाकांवरच्या लोकांत बसला नव्हता. तो तिच्या बाजूला उभा होता, त्या रात्री त्याच्याही बाजूने कुणी उभं राहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती रोज बोलू लागली, मराठीतच. यशपालचं बैठकेतलं वाक्य तिला अजून टोचायचं, ही मनापासून गेली. शिवीसारखं फेकलं होतं त्याने ते. पण एकदा यंत्रावर काम करता करता तिच्या लक्षात आलं की सगळ्या सभेत तो खरं असं एवढंच बोलला होता. मग ती मंडळीत पुन्हा जाऊ लागली. शेवटच्या बाकावर बसायची, मारी-आंजशेजारी. पास्टरनी हस्तांदोलन केलं, वर्गाचा विषय काढला नाही. तिनेही काढला नाही. काही बायका सरकून बसल्या. ते तिला लागायचं. दर रविवारी लागायचं. ती तरी जायची.

शहाऐंशी साली पावसाळी दिवसांत एका संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, कारखान्याच्या फाटकाशी यशपाल उभा होता. तिने आधी ओळखलंच नाही. केस पांढरे झाले होते, गाल बसले होते. जवळ येताच दारूचा वास आला, आणि त्या वासाने ती एकदम वादळाच्या दिवसात गेली. पोरी मागेपुढे बघत निघून गेल्या. दोघं बसथांब्याच्या पत्र्याखाली उभी राहिली, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

त्याने सांगितलं की नोकरी गेली. कामिनीला दोन मुली झाल्या, ती पोरींना घेऊन माहेरी आहे. आई अंथरुणाला खिळली आहे. शुद्धीकरण केलं, पूजा घातल्या, सगळं केलं, पण हात जोडले की काही सुचत नाही. ना इकडचं, ना तिकडचं.

"तुझी आठवण येते," तो म्हणाला. "तू प्रार्थना करतेस ना अजून? माझ्यासाठी कर."

हा माफी मागायला आलेला नव्हता. त्याने ते विचारलंही नव्हतं, तू कशी राहिलीस, कुठे राहिलीस. पुन्हा त्याला तिच्याकडून काही हवं होतं. मी घसरेन म्हणून तिला समुद्रात उतरवणारा हाच.

"तुम्ही मला पाण्यात नेलंत आणि हात सोडलात," ती म्हणाली. "ते तुम्हाला कळतं का?"

त्याने मान खाली घातली. म्हणाला, "कळतं."

"मी रोज म्हणते की माफ केलं. रोज सकाळी उठते तर ते खोटं निघतं. मग पुन्हा म्हणते. देवाला ते ठाऊक आहे." तिने फ्लाककडे जाणारी बस येताना पाहिली. "आईंना बघायला मी येईन. तुमच्या घरात राहायला नाही."

तो बसमध्ये चढला. टोपली घेऊन चढणाऱ्या एका म्हातारीला मागे सारून तो आत गेला, हे कुंतीने पाहिलं आणि का कोण जाणे, तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

घरी मारी-आंजने भात वाढून ठेवला होता. कुंतीने सगळं सांगितलं, मग जेवली, भांडी घासली, आणि आपल्या खोलीत जाऊन बसली. प्रार्थनेला लागली तेव्हा आधी कारखान्यातल्या एका आजारी पोरीसाठी मागितलं, मग चंद्रावतीसाठी, मग परशुरामसाठीही, तो अजून खिडकीबाहेरच बघत असला तरी. मग यशपालचं नाव घेतलं. त्याच्यापुढे शब्द येईनात. तिने पुन्हा नाव घेतलं. ऐकणारा थांबला होता, तो घाई करत नव्हता, हे तिला समजत होतं. पण तिला काही पुढे जाता आलं नाही. शेवटी तिने दिवा घालवला आणि अंथरूण घातलं. यशपालच्या बाबतीत त्या दिवशी नावापर्यंतच पोचणं झालं.